घरातील श्रद्धेच्या गोष्टी लिहिताना

घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या पाहिजेत, असे पुष्कळांना वाटते. लिहितात मात्र फार थोडे. जे लिहावयास बसतात त्यांपैकीही बहुतेक जण दोन-चार पानांनंतर थांबतात. त्याचे कारण आळस हे नव्हे. विषय श्रद्धेचा असला म्हणजे लेखणीला एक प्रकारचा संकोच वाटू लागतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला एक प्रकारचा गोडवा चढतो. ‘आजी फार भाविक होती, तिची प्रार्थना कधी चुकली नाही, तिच्या पुण्याईनेच हे घर उभे आहे’ अशी तीन वाक्ये लिहून झाली की पुढे काय लिहावे हे सुचत नाही. कारण या तीन वाक्यांत आजी कोठेच नाही. ती कोणत्याही घरातील कोणत्याही आजीला लागू पडतील. ज्या नातवासाठी ती लिहिली तो ती वाचतो, वही मिटतो आणि जागच्या जागी ठेवून देतो.

बायबलच्या जुन्या करारात या बाबतीत एक मार्मिक योजना आढळते. यहोशवाच्या पुस्तकात असे वर्णन आहे की, इस्राएल लोकांनी यार्देन नदी ओलांडल्यावर तिच्या पात्रातून बारा दगड उचलून आणले आणि ते मुक्कामाच्या ठिकाणी उभे केले. हेतू हा की, पुढे कधी मुलांनी ‘हे दगड कसले?’ असे विचारले म्हणजे बापाने त्यांना ती हकीकत सांगावी. वल्हांडणाच्या सणाचीही रीत अशीच सांगितली आहे. मुलाने विधीचा अर्थ विचारायचा आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचे. म्हणजे आधी वस्तू, मग मुलाचा प्रश्न, आणि त्यानंतर गोष्ट. आपल्या घरांत बहुधा याच्या उलट चालते. मुलाने काही विचारण्याच्या आधीच त्याला बोध ऐकविला जातो, आणि मग तो कधीच काही विचारीत नाही.

उभे केलेले दगड प्रत्येक घरात असतात. ते ओळखता आले पाहिजेत. गोव्यातील ख्रिस्ती घराच्या दिवाणखान्यात लाकडी कोरीवकामाचा देव्हारा असतो, अंगणात चुन्याने रंगविलेला क्रूस असतो, पेटीच्या तळाशी कोणाच्या तरी लग्नातली जपमाळ असते. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरात देवांचे झिजलेले टाक असतात, आणि ते कोणी कोणत्या प्रवासात पदराखाली बांधून आणले हे एखाद्या काकूलाच ठाऊक असते. मुंबईत खोताच्या वाडीत, माथारपाखाडीत व अन्य जुन्या गावठाणांत १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगच्या काळाची आठवण सांगणारे क्रूस आजही उभे आहेत. त्यांच्या शेजारून शाळेला जाणाऱ्या मुलांपैकी किती जणांनी त्यांवरचे साल वाचले असेल? लेखनाला आरंभ करावयाचा तर अशाच एखाद्या वस्तूपासून करावा. वस्तूला साल असते, आणि सालाच्या मागोमाग माणसे येतात.

मात्र माणसे आली म्हणजे खरी अडचण सुरू होते. ती समजण्यासाठी एक कल्पित गोष्ट घेऊ. घर कोठलेही असो, सासष्टीतले, वसईचे किंवा खानापुराकडचे. त्या घरात पिढ्यान्पिढ्या असे सांगितले जाते की, १९१८ च्या मानमोडीच्या साथीत पणजीचा धाकटा मुलगा तापाने निपचित पडला. वैद्याने आशा सोडली. पणजीने घरातल्या सर्वांना गोळा करून देव्हाऱ्यापुढे रात्रभर जपमाळ म्हटली, आणि पहाटे मुलाने डोळे उघडून पाणी मागितले. तेव्हापासून त्या घरात तिन्हीसांजेची जपमाळ एकदाही चुकलेली नाही. गोष्ट सुंदर आहे, सुटसुटीत आहे, आणि ती सांगताना प्रत्येकाचा कंठ दाटून येतो.

आता समजा, त्या घरातील कोणी एक नातू ही गोष्ट लिहावयास बसला आणि साल-तारीख नक्की करावी म्हणून धर्मग्रामाच्या कचेरीत गेला. धर्मगुरूंच्या अनुमतीने त्याने मृत्यूच्या नोंदींची जुनी वही उघडली. त्या सालच्या ऑक्टोबरात, आठ दिवसांच्या अंतराने, त्याच घरातील दोन मुलींच्या नोंदी त्याला सापडल्या. एक नऊ वर्षांची, दुसरी चारांची. या मुलींविषयी घरात कोणी चकार शब्द काढलेला नव्हता. तो परत येऊन सर्वांत वृद्ध आत्याला विचारतो. आत्या बराच वेळ गप्प राहते आणि मग म्हणते, ‘त्यांच्यासाठीही जपमाळ झाली होती रे.’ पुढे ती आपल्या आईकडून ऐकलेली आणखी एक गोष्ट सांगते. मुली गेल्यानंतर कित्येक महिने पणजी रोज संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे बसे; पण तिच्या तोंडून शब्द उमटत नसे. इतर जण म्हणत, आणि ती नुसते मणी पुढे सरकवीत असे. बाप्तिस्म्याच्या वहीत १९२० सालची एक नोंद आहे. त्या वर्षी घरात जन्मलेल्या मुलीला मृत मुलींपैकी थोरलीचे नाव ठेवण्यात आले. ती मुलगी म्हणजे या नातवाची आजी. आपण दुसऱ्या कोणाचे नाव वागवीत आहोत हे तिला ठाऊक होते की नाही, ते आता कळावयाचा मार्ग नाही.

पहिली गोष्ट खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. ती अर्धी होती. आणि हा अर्धेपणा निरुपद्रवी नसतो. त्या घरातील कोणी एक मुलगी पुढे नोकरीनिमित्त परगावी जाईल, तिचे मूल आजारी पडेल, तीही रात्रभर प्रार्थना करील, आणि मूल वाचणार नाही. त्या वेळी पहिली गोष्ट तिला काय सांगेल? पणजीची प्रार्थना खरी होती आणि तुझी कोठे तरी कमी पडली, हेच. दुसरी गोष्ट तिला असे काही सांगत नाही. ती फक्त एक बाई तिच्याजवळ आणून बसविते. जिचा आवाज गेला आहे, आणि जी मणी पुढे सरकवीत आहे. कुटुंबाने आपल्या श्रद्धेची कोणती हकीकत पुढे द्यावी, याचा निर्णय ज्याला करावयाचा असेल त्याने या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

चर्चच्या या वह्यांविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांनाही त्यांचे मोल ठाऊक नसते. धर्मगुरूने विवाहाची व बाप्तिस्म्याची वही ठेवावी असा नियम त्रेंतच्या धर्मसभेने १५६३ साली केला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यात मृत्यूच्या वहीची भर घातली. सध्या लागू असलेल्या १९८३ च्या चर्च-कायद्याप्रमाणे बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव, आईबाप, धर्मपिता व धर्ममाता, संस्कार करणारा धर्मगुरू, संस्काराचे ठिकाण व दिवस, आणि जन्माचे ठिकाण व दिवस इतके सर्व यावे लागते. पुढे त्या व्यक्तीचे दृढीकरण वा विवाह झाला की त्याचीही टीप त्याच नोंदीच्या कडेला करतात. त्यामुळे एका ओळीवरून माणसाच्या अर्ध्या आयुष्याचा माग लागतो. धर्मपित्याचे नाव दुर्लक्षित करू नये. कोणाच्या संकटात कोण उभे राहिले, कोणाशी घरोबा होता व कोणाशी तुटला, हे त्यावरून कळते. गोव्यातील जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत. तेथे १९१४ पासून नागरी नोंदणीही सुरू झाली, आणि जुन्या काळच्या काही वह्या पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. हिंदू कुटुंबांना अशीच सोय तीर्थक्षेत्री मिळते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वज केव्हा आले, कोणाबरोबर आले, कोणाचे श्राद्ध केले हे लिहिलेले असते, आणि पुष्कळदा खाली पूर्वजाची सहीही असते. मराठी घराण्यांचे जे कुलवृत्तांत छापले गेले त्यांनी वंशावळीचे काम उत्तम केले आहे. परंतु वंशावळ म्हणजे गोष्ट नव्हे. कोण कोणाचा मुलगा हे त्यात सापडते. तो कशाच्या आधारावर जगला हे बहुधा सापडत नाही.

मराठीला या प्रकारच्या लेखनाची परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांनी अंतकाळी आपल्या मुलाला जवळ बसवून मागील बारा जन्मांची हकीकत सांगितली. आईने मुलाला दिलेला श्रद्धेचा वारसा म्हणून याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही. त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांत त्यांच्या मागे मागे फिरणारे वासरू आहे आणि पतीने केलेली मारहाणही आहे. ज्या मुलाला सांगावयाचे त्याच्याच बापाविषयीची ही गोष्ट होती. ती त्यांनी वगळली नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर घरोघरी परिचित आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर पतिपत्नी कित्येक वर्षे परस्परांपासून दूर राहिली, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुस्तक प्रसिद्ध होऊ लागले ते १९३४ पासून, म्हणजे पतीच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी. एवढ्या अवधीत कोणाही पत्नीने त्या वियोगाला पावित्र्याचा मुलामा दिला असता, आणि कोणी तिला दोष दिला नसता. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. आपला आक्रोश, नवऱ्यावरचा राग, त्यांचा तापट स्वभाव, पैशाच्या बाबतीतला त्यांचा अव्यवहार, वडिलांचे सोवळ्याचे वेड आणि स्वतःच्या मनातून स्पर्शास्पर्श हळूहळू कसा गळून पडला, हे सर्व त्यांनी हसत हसत सांगितले. टिळकांची श्रद्धा या पुस्तकात खरी वाटते, कारण त्यांचा रागही खराच वाटतो. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या आणि तेथेच १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र याच वाटेवरचे, फक्त अधिक गंभीर प्रकृतीचे. ही दोन्ही उदाहरणे प्रॉटेस्टंट कुटुंबांतील आहेत. कॅथलिक घरांत स्वतःविषयी असे लिहिण्याची चाल कमी. जे लिहावयाचे ते पाद्रीबाबांच्या वहीत लिहिलेलेच आहे, असा एक भरवसा तेथे पूर्वीपासून असावा.

अप्रिय म्हणून जे वगळले जाते त्यात केवळ मृत्यू नसतात. धर्मांतराची गोष्ट घ्या. घराण्याने नवा धर्म स्वीकारला तो दिवस बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांच्या आठवणीतून पुसला गेला आहे. गोव्यात धर्मपित्याचे वा धर्मगुरूचे पोर्तुगीज आडनाव घराण्याला लागले आणि जुने आडनाव विस्मरणात गेले. ते कोठे मिळाले तर लिहावे. न मिळाल्यास कल्पनेने रचू नये. जातीचेही तसेच. गोव्याच्या चर्चमधील बंधुसंघांत दीर्घकाळ जातिभेद पाळला गेला, हे इतिहासाला ठाऊक आहे. घरच्या गोष्टींना मात्र ते ठाऊक नसते. ज्या आजोबांना मिरवणुकीत मागे चालावे लागले, आणि तरीही जे दर रविवारी मिस्साला गेले, त्यांची श्रद्धा कशी होती हे सांगावयाचे तर ते मागे चालत होते हे सांगावेच लागेल. तसेच ज्या आजोबांना पुढे चालण्याचा मान होता त्यांच्या नातवांनीही ते लिहावे. हे अधिक अवघड आहे.

याचा अर्थ घरातील सर्व काही चव्हाट्यावर आणावे असा नव्हे. जिवंत माणसाचे रहस्य त्याच्या संमतीवाचून लिहू नये, आणि कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या मागेही लिहू नये. पण न लिहिणे वेगळे आणि त्या जागी दुसरेच काही लिहिणे वेगळे. जेथे थांबावयाचे तेथे ‘याविषयी अधिक लिहिता येत नाही’ एवढी एक ओळ पुरते. वाचणारा समजून घेतो.

आता विचारावे कसे? ‘तुमची देवावर श्रद्धा कशी बसली?’ या प्रश्नाला कोणत्याही आजोबांकडून उपयोगी उत्तर मिळालेले नाही. ते खाकरतात आणि प्रवचन सुरू करतात. त्याऐवजी, त्या रात्री दिवा कोणी लावला, घरात धान्य किती होते, मिस्साला जाताना नदी कशी ओलांडीत असत, उपासाच्या दिवशी मुलांना काय खायला देत असत, असे विचारावे. भाकरीच्या आठवणीबरोबर प्रार्थनेची आठवण आपोआप येते. आजकाल प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवर आवाज उतरवून घेता येतो. तसा तो घ्यावा. पण समोरचा माणूस थकला की यंत्र आणि प्रश्न दोन्ही बंद करावेत. लिहिताना सांगणाऱ्याचे शब्द बदलू नयेत. आजी कोंकणीत, सामवेदीत किंवा बेळगावी मराठीत बोलली असेल तर निदान तिची मोक्याची वाक्ये तशीच राहू द्यावीत. ती पुस्तकी मराठीत बसविली की तिचा आवाज नाहीसा होतो. मुलांच्या निबंधाप्रमाणे शेवटी तात्पर्य जोडण्याचा मोहही आवरावा. ही सवय शाळेत लागते, आणि ती मोडावयास बरीच वर्षे जातात.

वृद्धांना साल आठवत नाही, ही तक्रार नेहमीची आहे; परंतु त्यांना सालाच्या शेजारचे काहीतरी आठवत असते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे जुन्या गोव्यातील दर्शन १९५२ मध्ये झाले, १९६४ मध्ये झाले, आणि त्यानंतर साधारण दर दहा वर्षांनी होत आले आहे. २०२४–२५ चे सर्वांच्या स्मरणात आहे. ‘तू कडेवर होतास त्या दर्शनाला’ एवढे आजीने सांगितले तरी साल मिळते. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले; त्याच सुमारास मिस्सा लॅटिन भाषेतून लोकभाषेत येऊ लागली. गोव्यात १९६१ च्या आधीचे आणि नंतरचे, असा आठवणींचा स्पष्ट विभाग पडतो. नाशिकचा व उज्जैनचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, आणि मराठी हिंदू घरांत त्याच्या खुणेने कितीतरी लग्ने व मृत्यू लक्षात राहिलेले असतात.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या वसलेल्या कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो लिपीचा. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथील जुन्या घरांत मोडीतील कागदांचे गठ्ठे आहेत, आणि ते ज्यांचे आहेत त्यांना ते वाचता येत नाहीत. हैदराबादेतील मराठी मूल तेलुगू वा इंग्रजी सहज वाचते. मराठी ऐकून समजते, पण वाचताना अडखळते. यास्तव वही लिहिणाऱ्याने ती मोठ्याने वाचूनही ठेवावी, म्हणजे त्याच मोबाइलवर आवाज राहील.

या बाबतीत ख्रिस्तपुराणाचा इतिहास ध्यानात घेण्यासारखा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेला हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापला गेला. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला, आणि छापील प्रती नाहीशा होत गेल्या. ग्रंथ टिकला तो कुटुंबांनी हाताने उतरविलेल्या प्रतींत. कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो आपल्याबरोबर नेला. १७८४ ते १७९९ या काळातील श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात त्याच्या ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे तेथील परंपरा सांगते. मंगळूरमध्ये १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली तेव्हा आधाराला हस्तलिखितेच होती. ती उतरवून काढणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. रॉकेलच्या दिव्याच्याही आधीच्या काळात, पणतीच्या उजेडात कोणी तरी ते काम केले असले पाहिजे.

प्रती करण्याचे काम म्हणूनच पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे. एक वही घरात, एक दुसऱ्या गावातील भावंडाकडे, एक शक्य असल्यास धर्मग्रामाच्या वा गावच्या वाचनालयाच्या कपाटात. कागद चांगला घ्यावा आणि शाई पाण्याने न फुटणारी. प्रत्येक गोष्टीखाली ती कोणी सांगितली, कोणत्या दिवशी आणि सांगणाऱ्याचे वय तेव्हा काय होते, हे लिहावे. वहीतील नोंद पाहिली असेल तर तिचे साल व क्रमांक द्यावा. नोंद आणि गोष्ट जुळत नसतील तर दोन्ही लिहाव्यात, एकीसाठी दुसरी खोडू नये. लिहावयाचे ते उजव्या पानावर. डावे पान कोरे ठेवावे, कारण पुढे कधी कोणा भाचीला मृत्यूच्या वहीत तिसरे नाव सापडले, तर ते लिहावयास जागा लागेल.